पाहुण्याचं पाणी

मु. जांभूळखेड, पोस्ट धामणगाव बढे
ता. ४ मार्च १९६४

शालू पोरी,

आशीर्वाद तुले रोजचाच आहे, तो धरून चाल अन् खालचं वाच. मी दुसरीपर्यंत शिकली, तीही अर्धी. अक्षराले हसू नको. दुसऱ्याकून लिहून घेतलं असतं तर गावभर झालं असतं.

आपल्या हिंमतले यंदाही नारू निघाला. डाव्या घोट्यावर फोड आला, फुटला, अन् आतून पांढरा दोरा लोंबून राह्यला. रोज काडीवर थोडा थोडा गुंडाळते. एवढा थोराड गडी, पण लेकरावानी विव्हळते. आग होते म्हणून पायविहिरीच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसते, तेवढंच त्याले बरं वाटते.

हे तर दरसालचंच. यंदा वेगळं झालं. आमचे व्याही भगवंतराव देऊळगाव राजाहून आले. हिंमतच्या लग्नाले दोन महिने नाही झाले अजून. जावयाचा पाय पाह्यला, उभ्या उभ्या चहा पेले अन् म्हणे, "चांगुणाबाई, आमच्याकडं नारू नाही. मह्या पोरीचा पाय असा झालेला मले पाहवणार नाही. तुमच्या घरात एक उन्हाळा बिना नारूचा जाऊ द्या, मंग पुष्पीले धाडतो." अन् घेऊन गेले पोरीले. शिव्या द्याव्या तर माणूस खोटं काय बोलला?

पुष्पी होती तवा मी दिवसभर तिच्यावर ओरडत होती. भाकर जाडी झाली, वरून टाकायचा सांबार, तुमची कोथिंबीर, बारीक नाही चिरला. आता ओरडाले कोणी नाही तर घर खायले उठून राह्यलं.

तू कॉलेजात जनावरायचं शास्तर शिकून राह्यली म्हणे. मंग सांग, नारू येते कुठून? महादेवराव पाटील म्हणते उष्णतेचा आहे. समोरची अंबूबाई म्हणते कोणाची तरी हाय लागली. मले एक काय ते सांग. पुस्तकासारखं लिहू नको. अन् लवकर लिहिजो, मले वाट पाहाची सवय नाही.

चांगुणामावशी

*

अमरावती
ता. ९ मार्च १९६४

मावशी, नमस्कार.

तुझं अक्षर नीट लागलं. आमच्या कॉलेजात माझंच अक्षर कोणाला लागत नाही.

पुष्पावहिनीचं वाचून फार वाईट वाटलं. तुला लगेच उत्तर लिहायला पुस्तक उघडलं. त्यात आहे की नारूची पिल्लं पाण्यातल्या एका बारीक जिवाच्या पोटात असतात, आणि तो जीव आपण पाण्याबरोबर पितो. हेच उतरवून काढणार होते. पण आमच्या प्राणिशास्त्राच्या मोहरीलबाईंनी पुस्तक मिटलं. म्हणाल्या, "हे पुस्तक लिहिणाऱ्यानं पाहिलं. तू काय पाहिलंस?" मी काहीच पाहिलेलं नव्हतं.

आमच्याकडे सूक्ष्मदर्शक यंत्र आहे. पितळेचं, कंदिलाएवढं उंच. खाली आरसा असतो, तो उजेड वर फेकतो. मधे काचेच्या पट्टीवर थेंब ठेवायचा आणि वरून एका डोळ्यानं पाहायचं. जे डोळ्याला दिसत नाही ते शंभरपट मोठं होऊन दिसतं. पहिल्या दिवशी मला बाभळीच्या काटक्यांसारखं काहीतरी काळं काळं दिसलं. मी ओरडले, "सापडलं!" त्या माझ्याच पापण्या होत्या. अख्खा वर्ग हसला.

तर मावशी, तुम्ही पिता त्या पाण्याची एक बाटली पाठव. बाटली स्वच्छ धू. बूच लावू नकोस, तोंडाला फडकं बांध, म्हणजे आत काही जिवंत असलं तर ते गुदमरणार नाही.

तुझी शालू

*

जांभूळखेड
ता. १६ मार्च १९६४

शालू,

आपले किसनराव पोराकडं अमरावतीले जाऊन राह्यले, त्यायच्या हाती बाटली दिली आहे. "हातात धरून न्या, पिशवीत कोंबू नका," म्हटलं तर म्हणे, "काऊन वहिनी, गंगाजल हाये काय?" म्हटलं, "गंगाजलच समजा. सांडलं तर पुन्हा पाठवीन, अन् तुमच्याच हाती."

बाटली राखेनं घासली, उन्हात वाळवली. पाणी चांगलंच पाठवलं आहे. तुह्या बाईपुढं आपली मान खाली जायले नको.

हिंमतचा दोरा अर्ध्यात तुटला, उरलेला आत राह्यला. पाय भोपळ्यावानी सुजला आहे. घाई कर. तुह्या पापण्या पाहाले मी पाणी नाही पाठवलं.

चांगुणामावशी

*

अमरावती
ता. २० मार्च १९६४

मावशी,

सापडलं! आज पहिल्याच थेंबात! गोल गोल, काळ्याभोर जाड कडेचे, मधे लख्ख पांढरे, एकाला एक चिकटलेले. अंडीच असणार. उद्या बाईंना दाखवते आणि मगच पत्र टाकते.

ता. २१

मावशी, वरचं खोडत नाही, बाई म्हणतात खोडायचं नसतं. ते हवेचे बुडबुडे होते. थेंबावर पातळ काच ठेवायची असते, ती मी आपटून सपाट ठेवली, म्हणून खाली हवा अडकली. ती एका कडेनं तिरपी टेकवून हळूच खाली सोडावी लागते.

मग हात सावरून पुन्हा बसले. बाटलीच्या वरचं पाणी पाहिलं, मधलं पाहिलं, तळाचं पाहिलं. बाटली रिकामी केली. काही म्हणजे काही नाही. बाईंनी विचारलं, "काय दिसलं?" मी म्हटलं, "काही नाही." तर म्हणाल्या, "मग तसं लिही. काही नाही दिसलं, हेही पाहणंच आहे."

म्हणून तुला लिहिते की तुमच्या पायविहिरीचं पाणी निर्मळ आहे. पुस्तक चुकत असेल, किंवा नारू दुसरीकडून कुठून येत असेल. निदान पाण्याची तरी काळजी सोड.

तुझी शालू

*

जांभूळखेड
ता. २७ मार्च १९६४

शालू,

आग लागो तुह्या यंत्राले.

तुह्या पत्रातलं मी किसनरावले सांगतलं, अन् किसनरावनं पारावर. "कॉलेजनं पाणी पास केलं!" महादेवराव मिशीवर हात फिरवून म्हणे, "मी काय म्हटलं होतं? उष्णता! थंड खा, थंड प्या." आता ज्याले नारू आहे तो खुशाल विहिरीत पाय सोडून बसून राह्यला. तिकडं व्याह्याले काय सांगू? का पाणी पास अन् जावई नापास?

अन् पोरी, तुले पाण्यात काही दिसलं नाही याचं मले नवल नाही. मी काही ते जसं भरलं तसं दिलं नव्हतं. धुवट लुगडं घेतलं, पदर दुमडला, पुन्हा दुमडला, अन् त्यातून गाळलं. मंग आणखी एकदा गाळलं. आमच्या पायविहिरीत पाला असते, शेवाळ असते, बारीक वळवळ असते. असलं पाणी कॉलेजच्या बाईपुढं ठेवाचं? पाहुण्याले आपण गाळूनच देतो. देवालेही गाळूनच. घरचे घागरीतून तसंच पेतात, त्यायले काय धाड भरली? तू लहानपणी सुट्टीत येत होती तवा तुलेही गाळूनच देत होती, इसरली काय?

तवा पाण्यात काही दिसलं नाही तर दोष मह्या गाळण्याचा नाही, तुह्या डोळ्याचा आहे. चष्मा लाव.

चांगुणामावशी

*

अमरावती
ता. ३१ मार्च १९६४

मावशी गं मावशी!

तुझं पत्र प्रयोगशाळेत वाचलं आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. गाळलंस? तेही दोनदा?

पत्र बाईंना वाचून दाखवलं. त्या आधी हसल्या, मग चष्मा काढून पुसत बसल्या. म्हणाल्या, "शालू, मावशींनी नकळत अर्धा प्रयोग करून दिला. उरलेला अर्धा आपण करायचा. आता सांग, चूक कोणाची?" मी म्हटलं, "माझी. पाणी कसं भरलं हे न विचारताच मी निकाल देऊन टाकला." ही चूक पारावरही सांग, मावशी. माझं नाव घेऊन सांग. माझ्या एका ओळीवर लोक विहिरीत पाय सोडत असतील तर मला इथे घास गिळवणार नाही.

आता दोन बाटल्या पाठव. पाणी एकाच घागरीतलं, एकाच वेळी भरलेलं. एक बाटली गाळून, दुसरी न गाळता, फक्त मोठा पाला-शेवाळ हातानं काढून. एकीच्या गळ्याला लाल दोरा बांध, एकीच्या पांढरा. कोणती कुठली हे मला सांगायचं नाही. मला आधीच माहीत असलं तर मला जे हवं तेच दिसेल. बुडबुड्यांची अंडी झाली होतीच ना?

तुझी शालू

*

जांभूळखेड
ता. ६ एप्रिल १९६४

शालू,

दोन बाटल्या पाठवून राह्यली. एक लाल, एक पांढरी. पुढचं नाही सांगत. पण भाचीपासून लपवायचं म्हणजे पोट फुगून राह्यलं आहे. किसनराव खोदून खोदून थकले. तुहे मावसेही विचारून राह्यले, त्यायलेही नाही सांगतलं. इतक्या वर्षाच्या संसारात नवऱ्यापासून पहिल्यांदा काही लपवलं, अन् काय, तर पाणी!

पारावर जाऊन आली. आमच्यात बाया पारावर चढत नाहीत, खालूनच ओरडली, "शालूचा निकाल रद्द! मी पाणी गाळून पाठवलं होतं!" महादेवराव म्हणे, "म्हणजे आता पाणी नापास काय, चांगुणाबाई?" म्हटलं, "पेपर तपासणं चालू हाये. तुम्ही काऊन घाई करता?" लोक हसले. पहिल्यांदा त्याच्यावर हसले, मह्यावर नाही.

मले एक सुचलं. आमच्या घरी इतके पाहुणे येऊन जातात, कोणाले नारू निघाल्याचं ऐकलं नाही. मंग ठरलं की नाही? कशाले पाहिजे यंत्र?

चांगुणामावशी

*

अमरावती
ता. १० एप्रिल १९६४

मावशी,

लाल दोऱ्याची बाटली न गाळलेली. बरोबर?

त्यात तो आहे. टुणकन उड्या मारतो, थेंबात ठरतच नाही. पुढून रुंद, मागे निमुळता, आणि कपाळावर मधोमध एकच तांबडा डोळा. त्याचं नाव सायक्लॉप्स. मादीच्या दोन्ही अंगांना अंड्यांच्या दोन पिशव्या असतात, कापूस वेचणाऱ्या बाईनं दोन्हीकडे ओट्या बांधाव्यात तशा. बाईंना दाखवायच्या आधी मी काच उचलून पुन्हा नवीन थेंब घेतला, पुन्हा दिसला. या खेपेला बुडबुडा नाही.

मग मोजला. यंत्राच्या भिंगात बारीक रेघांची पट्टी बसवतात. पण त्या पट्टीची एक रेघ म्हणजे खरी केवढी, हे आधी दुसऱ्या पट्टीवर ताडून पाहावं लागतं, नाहीतर मुंगीचा हत्ती होईल. मिलिमीटरहून जरा कमी भरला. म्हणजे कापडातून जाणार नाही एवढा मोठा, आणि घागरीत लक्षात येणार नाही एवढा लहान. पांढऱ्या दोऱ्याच्या बाटलीत एकही नाही.

पण मावशी, मी तो जीव पाहिला, त्याच्या पोटातला नारू नाही पाहिला. एकात वेटोळं दिसल्यासारखं वाटलं. बाई म्हणाल्या, आतडंही असेल. म्हणून तेवढंच लिहिते.

पाहुण्यांचं तुझं बोलणं हुशारीचं आहे, पण त्यावरून ठरत नाही. पाहुणा दोन दिवस राहतो, बाकी वर्षभर दुसरीकडचं पाणी पितो. ठरवायचंच असेल तर घरच्यांनी वर्षभर पाहुणे व्हायला हवं. घरात असो की वावरात, पाण्याचा एक घोटही न गाळता घ्यायचा नाही. आणि नारू झालेल्यानं विहिरीत पाय घालायचा नाही, पिल्लं तिथेच सुटतात.

आणखी एक, हे नीट वाच. पुस्तकाप्रमाणे नारू अंगात वर्षभर वाढतो आणि मग बाहेर येतो. म्हणजे आजपर्यंत जे प्यायलात ते पुढच्या उन्हाळ्यात निघू शकतं. आजच्या गाळण्याचं फळ पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात पुरतं कळेल.

तुझी शालू

*

जांभूळखेड
ता. २१ एप्रिल १९६४

शालू,

लालच. शाबास पोरी.

तुहं पत्र लांब होतं. करायचं काय ते समजलं, मंग बाकीचं ठेवून दिलं. घागरीवर चौपदरी फडकं बांधून टाकलं. वावरात जायच्या लोट्यालेही बांधलं. तुहे मावसे म्हणे, "मले काय पाहुणा समजतं?" म्हटलं, "हाव. अन् पाहुण्यावानी राहा, चुलीपाशी कटकट करू नका." हिंमत आता पाय घमेल्यात बुडवते अन् ते पाणी मी दूर कोरड्या जमिनीवर टाकते.

अंबूबाईनं फडकं पाहून नाक मुरडलं, पण घरी जाऊन तिनंही बांधलं. मले दिसलं. महादेवरावच्या आळीत कोणी बांधत नाही.

चांगुणामावशी

*

जांभूळखेड
ता. १८ मार्च १९६५

शालू,

तुही गाळणी खोटारडी निघाली. एक साल झालं, एक घोट बिना गाळल्याचा नाही पेला, अन् आज मह्याच टाचेवर फोड आला. सकाळी दोरा दिसला. हिंमतचा पाय बरा आहे, तुह्या मावशायचा बरा आहे. मलेच काऊन? जिनं गाळलं तिलेच?

पाडव्यानंतर भगवंतराव येऊन राह्यले, घर पाहाले. मी ठरवलं आहे. टाचेले चिंधी बांधते, काटा भरला म्हणते. लुगडं जरा लोंबतं नेसते. बाप्यामाणूस बाईचा पाय काही उलटा करून पाहणार नाही. पुष्पी एकदा उंबऱ्याच्या आत आली की मंग पाहू.

हे कोणाले बोलू नको. घरात फक्त तुह्या मावशायले माहीत आहे, ते हो म्हणाले.

चांगुणामावशी

*

अमरावती
ता. २३ मार्च १९६५

मावशी,

आधी टाचेचं. माझं गेल्या एप्रिलचं लांब पत्र जपून ठेवलं असशील तर त्याचा शेवट वाच. तुझा नारू गाळायला लागायच्या आधीच्या पाण्यातला आहे. तू फडकं बांधलंस तेव्हा तो तुझ्या अंगात होताच. गाळणं खोटं ठरलेलं नाही, ते अजून खरंही ठरलेलं नाही. दोन्हीला एक उन्हाळा बाकी आहे.

आता काट्याचं. तुला शिकवायचा मला अधिकार नाही. पण तू मला दोऱ्याचा रंग सांगितला नाहीस, नवऱ्यालासुद्धा नाही, म्हणून माझं पाहणं खरं झालं. आता तू पाय लपवलास तर पुष्पावहिनी येईल. पण ते चिंधीखालचं कधीतरी उघडं पडेलच. त्या दिवशी भगवंतकाका काय म्हणतील? या घरात काटा खोटा होता, तर घागरीवरचं फडकंही खोटंच. मग वहिनी जाईल ती कायमची, आणि गावात कोणी गाळायचं नाव घेणार नाही.

खरं सांगितलंस तर ती येईलच असं वचन मी देऊ शकत नाही. एवढंच म्हणते, ती यावी असं मलाही वाटतं.

तुझी शालू

*

जांभूळखेड
ता. ९ एप्रिल १९६५

शालू,

भगवंतराव आले. मी चिंधी बांधूनच बसली होती. तुहं पत्र कमरेले खोचलं होतं, ते टोचत होतं.

त्यायनं हिंमतचे पाय पाह्यले, तुह्या मावशायचे पाह्यले. खुश झाले. म्हणे, "वा! झालं की मंग. अन् चांगुणाबाई, तुमच्या पायाले काय?" तुहे मावसे लगेच म्हणाले, "काटा." अन् मह्या तोंडून निघालं, "काटा कशाचा? नारू हाये." चिंधी सोडली अन् टाच पुढं केली. तुहे मावसे भिंतीकडं पाहून राह्यले.

मंग मी सगळं सांगतलं. लाल दोरा, पांढरा दोरा, एका डोळ्याचा जीव, वर्षभर अंगात राहते ते. घागर आणून फडकं दाखवलं. म्हटलं, "हा गेल्या सालच्या पाण्याचा हाये. पुढल्या उन्हाळ्यात निघाला तर मीच खोटी." त्यायनं विचारलं, "हे तुम्हाले कोणी सांगतलं?" म्हटलं, "मह्या भाचीनं. तिनं डोळ्यानं पाह्यलं." त्यायनं टोपी घातली अन् सांजच्या गाडीनं गेले. पुष्पीचं नावही नाही काढलं.

तुहे मावसे मह्याशी बोलून नाही राह्यले. हिंमत ताटावरून उठला. शालू, खरं बोलून घर भरत नाही. तुह्यावर राग नाही, पण आठ दिवस पत्र लिहू नको.

चांगुणामावशी

*

अमरावती
ता. २१ एप्रिल १९६५

मावशी,

आठ दिवस होऊन गेले म्हणून लिहिते. लिहायला काही नाही. तू चिंधी सोडलीस हे बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्यांची टाच कशी आहे, विचार." म्हणून विचारते. टाच कशी आहे?

तुझी शालू

*

जांभूळखेड
ता. ४ मे १९६५

शालू!

टाच गेली उडत. पुष्पी आली!

परवा मी ओसरीवर वांगी निवडून राह्यली होती. बैलगाडी थांबली अन् ही उतरली. मागून भगवंतराव. मी हातातलं वांगं तसंच धरून उभी. ते म्हणे, "चांगुणाबाई, महिनाभर इचार केला. काटा हाये म्हणणं तुम्हाले सोपं होतं. जी बाई आपली टाच अशी उघडी करून दाखवते, तिच्या घरात मह्या पोरीले कोणी फसवणार नाही." पुष्पी मधातच म्हणे, "बाबा, मी तर पहिल्याच दिवशी म्हटलं होतं मी जाते म्हणून. तुम्हीच महिना लावला." बाप ओशाळला. मी हसली, किती दिवसांनी.

आत गेली ते थेट घागरीपाशी. "आत्याबाई, फडकं कसं बांधता ते दाखवा." दाखवलं. भगवंतरावही वाकून पाहून राह्यले.

पण पोरी, आता मले धडकी भरली. ही पोरगी आपल्या दोघींच्या भरवशावर पाणी पिऊन राह्यली. तुही गाळणी चुकली तर मी कोणाले तोंड दाखवू?

चांगुणामावशी

*

अमरावती
ता. १० मे १९६५

मावशी,

किती आनंद झाला कसं सांगू! आणि धडकी मलाही भरली, खोटं का बोलू.

वहिनीचं नीट ऐक. लग्नानंतरच्या दोन महिन्यांत ती जे प्यायली त्याची मुदत आता सरली, माहेरी तिचा पाय कोरा राहिला. आता ती तुमच्याकडे गाळलेलंच पिणार. म्हणून पुढच्या उन्हाळ्यात तिच्या पायांइतका स्वच्छ पुरावा दुसरा नाही. महादेवरावांच्या आळीत जे गाळत नाहीत त्यांच्याकडेही लक्ष ठेव. फक्त आपलंच घर पाहिलं तर, यंदा गावात नारूच कमी होता, असं कोणीही म्हणेल.

पाहिल्याशिवाय काही लिहू नकोस. चांगलं असो की वाईट, पाहिलंस ते लिही.

तुझी शालू

*

जांभूळखेड
ता. ६ जून १९६६

शालू,

तू म्हटलं होतं पाहिल्याशिवाय लिहू नको, म्हणून नारूचं एक अक्षर नाही लिहिलं सालभर. आता लिहिते.

महादेवरावच्या आळीत यंदाही नारू निघाले, कोणाच्या पोटरीले, कोणाच्या घोट्याले. खुद्द महादेवरावच्याच गुडघ्याखाली निघाला. काठी टेकत आले अन् म्हणे, "चांगुणाबाई, ते फडकं किती पदरी बांधता?" मले लय काही बोलायचं होतं. पण दुखून राह्यलं होतं त्यायले. चौपदरी म्हटलं, अन् एक धुवट फडकं हाती दिलं. म्हटलं, "विहिरीत पाय घालू नका आता." ते म्हणे, "नाही घालत."

आमच्या आळीत ज्यायनं गाळलं त्या घरात एकही नाही. अंबूबाईकडं नाही. हिंमतले नाही, तुह्या मावशायले नाही, मले नाही. हिंमत यंदा सारा उन्हाळा आपल्या पायावर उभा होता, मळ्याले पाणी त्यानंच दिलं. भेद्रं, तुमचं टमाटं, एवढं आलं की तोडता तोडता कंटाळलो. त्यातलं टोपलंभर किसनरावच्या हाती पाठवून राह्यली, अर्धं तुले, अर्धं मोहरीलबाईले. बाईले म्हणा, जांभूळखेडची एक अडाणी बाई तुमचं नाव रोज घेते. दिवा लावताना घेते, पाणी गाळताना घेते.

तुले काय म्हणू? आभार हा शब्द मले लिहिता येते, पण तो सभेत हार घालताना म्हणतात तसला. तू दोन वेळा चुकली अन् दोन्ही वेळा सांगतलं. मी चुकून राह्यली होती तवा मह्यावर ओरडली नाही. मले एवढं जमलं नसतं.

आता पुष्पीचं. काल दुपारी तिले ओसरीवर बसवलं. म्हटलं, "पाय इकडं कर." ते लाजली. "आत्याबाई, असं काय करता? मले पाप लागन." म्हटलं, "लागू दे. पाह्यल्याशिवाय लिहाचं नाही असा हुकूम हाये." तिचे दोन्ही पाय मांडीवर घेतले. घोटे पाह्यले, टाचा पाह्यल्या, बोटायच्या सांदी, पोटऱ्या, सगळं. टाचेले भेगा आहेत. जोडव्यानं एका बोटाले घट्टा पडला. बाकी काही नाही. फोड नाही, सूज नाही, कुठं काही नाही. पुन्हा एकदा पाह्यले, कारण पहिल्या वेळी मह्या डोळ्यात पाणी आलं होतं, अन् तशातून पाह्यलेलं खरं धरू नये.

पुष्पी म्हणे, "झालं ना आत्याबाई? सोडा आता." मले सोडवेना.

तेवढ्यात समोरून अंबूबाई ओरडली, "बाप्पा बाप्पा! पाहा गं बायाहो, चांगुणा सुनेच्या पाया पडून राह्यली!"

मी म्हटलं, "हाव, पडून राह्यली. तुहं काय जाते?"

चांगुणामावशी